तो पक्षी नव्हता

"पक्षी होता," चष्मेवाली म्हणाली आणि तिने लॅपटॉप मिटला.

ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर, जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे ठेवतात त्या खोलीत, आकाश पाहणाऱ्या हौशी लोकांच्या मंडळाची बैठक चालली होती. लोखंडी खुर्च्यांवर दहा-बारा माणसं होती. त्यांनी आत्ताच भिंतीवर एक रेकॉर्डिंग पाहिलं होतं. काळ्या चौकटीत विखुरलेले पांढरे ठिपके, आणि त्यांतला मधला ठिपका पापणी लवावी तसा गेला आणि परत आला. एवढंच. रेकॉर्डिंग ज्या बाईचं होतं ती पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसली होती. ती हॉस्पिटलात ऑपरेशनआधी रोग्यांना भूल द्यायची. चष्मेवाली तिला भूलवाली म्हणायची, आणि हळूहळू सगळं मंडळच तिच्या पाठीमागे तेच म्हणायला लागलं होतं.

"पक्षी?" भूलवालीने विचारलं.

"नाहीतर वटवाघूळ. दिवेलागणीला फिरतात ती."

"शेजारचे तारे तसेच राहिले. तुम्ही पाहिलंत ना?"

"लहान पक्षी असेल मग," चष्मेवाली म्हणाली. मागे कोणीतरी हसलं. मंडळाचे अध्यक्ष, बंदरात आयुष्यभर ज्यांनी बोटी धक्क्याला ओढून आणल्या ते म्हातारे कप्तान, चष्मेवालीकडे पाहून म्हणाले, "ताई म्हणतात तर तसंच असणार." आणि विषय संपला.

चष्मेवालीचं बाजाराच्या कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान होतं. डोळे तपासायचे, काचा घासून चौकटीत बसवायच्या, हा तिचा धंदा. पण तिचा जीव होता तो लघुग्रहांत. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात हे लाखो दगड फिरत असतात. एखादा दगड फिरता फिरता दूरच्या ताऱ्यासमोरून गेला की त्याची सावली पृथ्वीवरून एका पट्ट्यातून सरकत जाते, आणि त्या पट्ट्यात दुर्बीण लावून बसलेल्या माणसाला तो तारा काही सेकंद दिसेनासा होतो. वेगवेगळ्या जागी बसलेल्या माणसांनी आपापल्या वेळा नोंदवल्या, त्या एकमेकींना लावून पाहिल्या, की त्या दगडाचा आकार हाती येतो. मंडळ हेच काम करायचं. कोणी कुठे बसायचं ते चष्मेवाली ठरवायची. आलेली रेकॉर्डिंग पारखायची तीच आणि परदेशातल्या मुख्य कचेरीला अहवाल पाठवायची तीच.

रेकॉर्डिंग झालं त्या संध्याकाळचा दगड बटाट्यासारखा निघाला होता. सगळ्यांच्या वेळा झकास जुळल्या. एकटी भूलवाली सावलीच्या पट्ट्याबाहेर होती, म्हणजे तिचा तारा दिसेनासा व्हायलाच नको होता. पण झाला. इतरांचा तारा जाण्याच्या थोडं आधी तिचा तारा क्षणभर गेला. याचा एक अर्थ असा की त्या दगडाभोवती आणखी एक छोटा दगड फिरतोय. लघुग्रहालाही स्वतःचा चंद्र असू शकतो.

भूलवाली पट्ट्याबाहेर का होती, याचं उत्तर सोपं होतं. चष्मेवाली तिला दर वेळी तिथेच बसवायची. सावली नक्की आपल्या हिशेबाप्रमाणेच गेली ना, हे पाहायला कोणीतरी बाहेर बसावं लागतं. काम गरजेचं, पण कंटाळवाणं, कारण तिथून काही दिसणार नाही हे आधीपासूनच ठरलेलं. गावाबाहेर सांडपाणी साफ करायचा कारखाना होता. त्याच्या भिंतीला लागून मोकळी जागा होती आणि वास असा की डोळ्यांतून पाणी यावं. ती जागा भूलवालीची.

चष्मेवाली तिला पाण्यात पाहायची, आणि त्याला कारण होतं. चष्मेवालीचा नवरा बेकरीवाला. पहाटे भट्टी पेटवायची, दुपारी झोपायचं, संध्याकाळी शिळे पाव अर्ध्या भावात द्यायचे, असा गरीब स्वभावाचा माणूस. एकदा त्याचं अपेंडिक्स दुखायला लागलं. हॉस्पिटलात गेला, ऑपरेशन झालं, आणि वर्ष फिरायच्या आत तो वेगळं व्हायचं म्हणाला. त्याला जिने भूल दिली होती ती ही. बाजारात लोक म्हणायचे, भूल दिली ती उतरलीच नाही. चष्मेवालीच्या कानावर ते आलं, तेव्हा तिने हातातली काच इतक्या जोरात घासली की तिचा टवकाच उडाला. त्या काळात तिला गिऱ्हाइकांना नेहमीचा प्रश्न विचारणंही जड जायचं. दोन भिंगं डोळ्यांपुढे आलटून पालटून धरायची आणि विचारायचं, "कुठलं बरं? पहिलं की दुसरं?" तिने प्रश्नच बदलला. "हे की ते?" असं विचारायला लागली.

नवरा गेला तेही एक वेळ तिने सोसलं असतं. पण घर सोडताना तिची जुनी दुर्बीण माळ्यावर राहिली. घर बेकरीच्या वर होतं, ते त्याचं. "येऊन घेऊन जा," त्याने दोनदा निरोप पाठवला. तिने ताठ्यापायी पाऊल टाकलं नाही. मग भूलवालीने ती दुर्बीण माळ्यावरून काढली, पुसली, खिडकीशी लावली आणि एका संध्याकाळी मंडळाच्या दारात येऊन उभी राहिली. मला शिकायचंय म्हणाली. आणि शिकली, तेही झटपट. तासन् तास पडद्याकडे डोळे लावून बसायची सवय तिला हॉस्पिटलातली होतीच.

आता खरी गोष्ट. बैठकीच्या आदल्या आठवड्यात चष्मेवालीने ते रेकॉर्डिंग दुकानाच्या मागच्या खोलीत, काचा घासायच्या यंत्राशेजारी बसून, एकेक चौकट पुढे सरकवत पाहिलं होतं. दुर्बिणीसमोरून पक्षी गेला तर सगळेच तारे मंदावतात. इथे शेजारचे तारे जागच्या जागी, जसेच्या तसे होते. गेला तो एकच. तिने तिथेच बसून हिशेब मांडला, छोटा दगड मोठ्यापासून किती दूर असेल तेही काढलं. मग तिने खुर्ची मागे ढकलली. इतकी वर्षं तिने थंडीत कुडकुडत वाट पाहिली, आणि चंद्र सापडावा कोणाला? तिच्याच दुर्बिणीतून, तिनेच धाडलेल्या जागेवरून, त्या बाईला.

बैठकीत दाखवून झाल्यावर तिने मंडळाच्या संगणकावरून त्या रेकॉर्डिंगची प्रत काढून टाकली आणि अहवालात लिहिलं: पक्षी.

बैठक संपल्यावर भूलवालीने तिला जिन्यात गाठलं.

"तुम्हाला माहितीये तो पक्षी नव्हता."

"मला एवढंच माहितीये की एकट्या ठिकाणाहून दिसलेलं, सेकंदाच्या आतलं काही आम्ही धरत नाही. नियम आहे."

"नियम तुम्हीच केलाय."

"मग मलाच माहीत असणार ना!"

भूलवाली दोन पायऱ्या खाली उतरली, थांबली, वळली. "माझ्यावर राग आहे तो माझ्यावर काढा. आकाशावर कशाला?"

"वाट सोडा," चष्मेवाली म्हणाली. "मागे माणसं खोळंबलीत."

भूलवाली मंडळातून गेली ती गेलीच. चष्मेवालीला त्या रात्री गाढ झोप लागली. आपल्याला रुखरुख वाटेल असं तिला वाटलं होतं, पण कसलीच वाटली नाही. रुखरुख लावली ती लेकीने. लेक कॉलेजात होती, आईकडे राहायची, रविवारी बापाकडे जायची, आणि भूलवालीला मावशी म्हणायची. तो शब्द ऐकला की चष्मेवालीचं डोकं फिरायचं.

"मावशीने मला दाखवलं ते," लेक जेवताना म्हणाली. "आई, मला त्यातलं फारसं कळत नाही. पण तुझ्या तोंडाकडे पाहून कळतं."

"काय कळतं?"

"तू काहीतरी लपवतेयस ते."

"जेव गप. आणि ती तुझी मावशी नाही. मला बहीण नाही."

पुढचं वर्ष बरं गेलं. मग तोच दगड पुन्हा एका ताऱ्यासमोरून जाणार असल्याचं कळलं. तारा वेगळा, वेळ पहाटेची, सावलीचा पट्टा पुन्हा गावावरून. मंडळाची लगबग सुरू झाली. जागा वाटताना सांडपाण्याच्या भिंतीपाशी गाडी अडली. तिथे जायला कोणी तयार होईना. एकाची कंबर धरली होती, एकाच्या बायकोला वास सहन व्हायचा नाही, एकाने सरळ कानावर हात ठेवले. शेवटी कप्तान म्हणाले, "आधी त्या डॉक्टरीणबाई होत्या म्हणून निभावत होतं." चष्मेवालीला ते झोंबलं. "मी बसते," ती म्हणाली.

पहाटे ती एकटीच तिथे पोचली. भिंतीपलीकडे पाणी घुसळणारी यंत्रं घरघरत होती. तिने नाकाला रुमाल बांधला, दुर्बीण लावली, कॅमेरा जोडला, घडीची खुर्ची उघडली. पूर्वेला कड फटफटायला लागली होती. पडद्यावर तारा शांत होता. मोठ्या दगडाची वेळ आली आणि गेली. तारा गेला नाही. जाणारही नव्हता, मोठ्याची सावली इथे पडायचीच नव्हती. ती उठून वायरी गुंडाळायला लागणार, तेवढ्यात तिची नजर सहज पडद्यावर गेली.

तारा नव्हता.

शेजारचे सगळे होते. तो नव्हता. आणि मग होता.

चष्मेवालीच्या घशातून कसलासा आवाज निघाला, हसण्याचा की रडण्याचा ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. त्या दगडाला चंद्र होता! तिने तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. तिने खुर्चीच्या हातावर मूठ आपटली, रुमाल ओढून काढला आणि त्या घाणेरड्या हवेत मोठ्ठा श्वास घेतला. सांगायला कोणी नव्हतं. सांगावंसं वाटलं असं जगात एकच माणूस होतं, आणि ते कोण हे लक्षात येताच तिचा आनंद जागच्या जागी नासला.

घरी येऊन तिने हिशेब मांडला. आधीचे आकडे तिने लिहून ठेवले नव्हते, पण विसरायचा इतका प्रयत्न केला होता की ते पक्के बसले होते. दोन्ही वेळची अंतरं जवळपास सारखी निघाली. दोन वेगळे तारे, दोन वेगळ्या वेळा, आणि छोटा दगड मोठ्यापासून तेवढ्याच अंतरावर. दोन्ही रेकॉर्डिंग शेजारी शेजारी ठेवली की कोणाची शंका उरली नसती. एकट्या तिच्या रेकॉर्डिंगला मात्र काही किंमत नव्हती.

हे तिला मंडळातही ऐकावं लागलं. तिने रेकॉर्डिंग दाखवलं, तेव्हा कप्तानांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि अगदी निर्मळ मनाने म्हणाले, "पक्षी असेल, ताई. एकट्या ठिकाणचं, झटकन गेलं-आलं. तुम्हीच तर शिकवलंत आम्हाला."

चष्मेवाली लॅपटॉप पिशवीत भरायला लागली.

तिने आधी लेकीला गळ घातली. "तुझ्या त्या बाईंकडून तेवढं रेकॉर्डिंग आणतेस का?"

"कुठलं? पक्ष्याचं?"

"चेष्टा नकोय."

"मी नाही आणणार. तोडलंस तू, जोडायला मी कशाला? स्वतः जा."

फोन केला तर भूलवालीने आवाज ओळखून ठेवून दिला. पुन्हा केला, उचललाच नाही. मग चष्मेवालीने दुपारी दुकानाला कुलूप लावलं आणि हॉस्पिटल गाठलं. ऑपरेशनच्या खोल्यांबाहेरच्या लांब व्हरांड्यात, रोग्यांच्या नातेवाइकांच्या बाकावर ती बसून राहिली. शेजारची म्हातारी तिला विचारत होती, तुमचं कोण आहे आत? "कोणी नाही," चष्मेवाली म्हणाली.

दार लोटून भूलवाली बाहेर आली. डोक्यावर हिरवी टोपी, गालांवर मास्कच्या दोऱ्यांचे वळ, डोळे दमलेले. चष्मेवालीला पाहून तिची पावलं क्षणभर मंदावली, मग ती सरळ चालत आली.

"डोळे तपासायला मी बोलावलं नव्हतं."

"मला ते रेकॉर्डिंग हवंय," चष्मेवाली उभी राहत म्हणाली. "मी पण पाहिला. या खेपेला. त्याच जागेवरून."

भूलवालीचे डोळे लकाकले. ते चष्मेवालीला दिसलं, तिचा धंदाच तो. पण लगेच तिथे पडदा पडला.

"काय पाहिलंत? पक्षी?"

"तुम्हाला कळतंय मी काय म्हणतेय ते."

"तुमच्या अहवालात तर पक्षी आहे. मग पक्ष्याचं रेकॉर्डिंग कोण सांभाळून ठेवतं? पुसलं मी."

"पुसलं?"

"पुसलं. वाट सोडा. मागे रोगी खोळंबलेत."

चष्मेवाली घरी कशी आली ते तिलाच ठाऊक. पुसलं. ही बाई असं करू शकते? मग तिच्या मनात आलं, की तिच्या जागी आपण असतो तर आपण नक्की पुसलं असतं. त्या विचाराने तिला जास्तच राग आला. तो कोणावर काढावा ते कळेना. दुकानात एका सद्गृहस्थांना उजव्या डोळ्याचं भिंग डाव्या बाजूला बसवून दिलं. ते पायरीवरून पडता पडता वाचले आणि तणतणत परत आले.

शेवटी ती बेकरीत गेली. त्या दारात ती घटस्फोटानंतर पहिल्यांदाच पाऊल टाकत होती. दुपारची वेळ होती, भट्टी विझत आलेली, फळीवर रिकामे पत्रे उपडे घातलेले. बेकरीवाला पिठाच्या पोत्यावर बसून डुलक्या काढत होता. तिला पाहून तो इतका दचकून उठला की पिठाचा ढग उडाला.

"अगं, तू?"

"तिने ते पुसलंय का, तेवढं सांग. मग मी जाते."

बेकरीवाल्याने आधी वर जाणाऱ्या जिन्याकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. "कुठलं पुसतेय! महिन्यातून एकदा काढून बघते. पेनड्राइव्ह कपाटात, वरच्या खणात आहे. थांब, मी गुपचूप आणून देतो. तिला कळणारही नाही. तुमचं तुम्ही काय ते करा, पण मला या भांडणातून मोकळं करा."

चष्मेवालीच्या तोंडाला पाणी सुटलं, असंच म्हणायला हवं. वस्तू वरच्या खणात होती, माणूस आणून द्यायला तयार होता. ती हो म्हणणार होती. पण समोर तो अंगभर पीठ घेऊन, मान खाली घालून उभा होता आणि तिच्या डोक्यात सणक गेली.

"तुझं हे असंच," ती म्हणाली, आणि आवाज तिने मुळीच खाली आणला नाही. "मला कळू न देता तिच्याकडे गेलास. आता तिला कळू न देता माझ्याकडे येतोस. कधी एखादी गोष्ट तोंडावर सांगून करशील का?"

"बरोबर आहे," जिन्यावरून आवाज आला.

भूलवाली वरच्या पायरीवर उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. बेकरीवाल्याने एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि भट्टीत काहीतरी राहिल्याची आठवण झाल्यासारखा मागे सटकला.

"वर या," भूलवाली चष्मेवालीला म्हणाली. "आणि चपला खाली काढा. फरशी पुसलीय."

वरची खोली चष्मेवालीला तोंडपाठ होती, तरी आता ओळखू येत नव्हती. भिंतींना वेगळा रंग, टेबल खिडकीपाशी. खिडकीत तिची दुर्बीण होती, स्वच्छ, झाकण लावलेली, पायांखाली नवं रबर. इतकी निगा तिने स्वतःही कधी राखली नव्हती. ते पाहून तिच्या मनाला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

भूलवालीने बस म्हटलं नाही. दोघी टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या.

"एकच विचारते," भूलवाली म्हणाली. "शेजारचे तारे मंदावले नव्हते, हे तुम्ही तेव्हाच पाहिलं होतं?"

"हो."

"बैठकीच्या आधी?"

"आधी. अंतरसुद्धा काढलं होतं."

"मग पक्षी का म्हणालात?"

चष्मेवालीला पुष्कळ उत्तरं देता आली असती. नियम होता, घाई होती, खबरदारी होती. "तुम्ही होतात म्हणून," ती म्हणाली. "दुसरं कोणीही असतं तर मी खांद्यावर घेऊन नाचले असते."

"मी इतके दिवस स्वतःलाच विचारत होते, आपलं कुठे चुकलं का," भूलवाली म्हणाली. "तुम्हाला कल्पना आहे? रोज माणसांना झोपवायचं आणि उठवायचं काम माझं. माझे डोळे खोटं बघायला लागले तर माणूस मरेल. मी डोळे तपासून घेतले, दुसऱ्या गावात जाऊन. तुमच्या दुकानात येणं शक्य नव्हतं."

चष्मेवालीने खिडकीतल्या दुर्बिणीकडे पाहिलं.

"माफी नको मला. मी काही माफ करणार नाही तसंही," भूलवाली म्हणाली. "आत्ता बोललात ते मंडळासमोर बोला. तसंच्या तसं. मग रेकॉर्डिंग घेऊन मी स्वतः येईन."

पुढच्या बैठकीत चष्मेवाली उभी राहिली. भूलवाली पहिल्या रांगेत, पूर्वीच्याच खुर्चीवर होती.

"यांचं गेल्या वर्षीचं रेकॉर्डिंग मी पक्षी म्हणून बाद केलं," चष्मेवाली म्हणाली. "तो पक्षी नव्हता. मला तेव्हाही माहीत होतं."

कप्तानांनी कानातलं यंत्र नीट बसवलं. "मग ताई, तुम्ही असं का..."

"मला ही बाई आवडत नाही म्हणून. आजही आवडत नाही. उद्या आवडेल असंही दिसत नाही. पण त्या दगडाला चंद्र आहे आणि तो पहिल्यांदा यांनी पाहिला." ती थांबली. "मी दुसऱ्यांदा."

"दर वेळी मला त्या घाणीत बसवलंत," भूलवाली बसल्या जागेवरून म्हणाली, "तेही सांगा."

"तेही मुद्दामच."

"पण तिथे बसवलं नसतं तर चंद्र दिसलाच नसता की!" कप्तान उत्साहाने म्हणाले. दोघींनी एकदमच त्यांच्याकडे असं काही पाहिलं की ते खोकत खाली बसले.

मंडळाने चष्मेवालीकडून अहवालाचं काम काढून घेतलं. कोणी भांडलं नाही, कोणी तिची बाजू घेतली नाही. तिने कपाटाची किल्ली कप्तानांच्या हातात दिली आणि नाक वर करूनच जिना उतरली. घरी आल्यावर मात्र स्वयंपाकघरात जाऊन, नळ सोडून रडली. लेकीने बाहेरून ऐकलं, पण आत गेली नाही. आईला ते आवडलं नसतं हे तिला ठाऊक होतं.

तरी काम तर पुरं करायचं होतंच. दोन रेकॉर्डिंग, दोघींचे हिशेब, दोघींच्या सह्या. दुकान बंद झाल्यावर भूलवाली मागच्या खोलीत यायची. चहा विचारला जायचा नाही, मागितला जायचा नाही. एकीने आकडा मांडला की दुसरीने तो खोडायचाच. "हे चूक आहे." "कुठे?" "तुम्हाला दिसत नाही? तुमचा धंदा काय म्हणालात?" अशा तोंडातोंडीत त्या दगडाची माहिती हळूहळू जमत गेली. चंद्र लहानसा निघाला, एखाद्या टेकडीएवढा; सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणापर्यंत त्याला वळसा घालून परत यावं. मोठ्या दगडाभोवती तो कोणाला न दिसता, कधीपासून फिरत होता देव जाणे. एकदा भूलवालीने चष्मेवालीची खरोखर मोठी चूक पकडली. चष्मेवालीने ती मुकाट्याने सुधारली, आणि मनात कबूल केलं की मंडळात हिच्याइतक्या नजरेचं दुसरं कोणी नाही. हे तिने भूलवालीला कधीच सांगितलं नाही.

मुख्य कचेरीने चंद्र मान्य केला. कचेरीच्या पत्रिकेत त्या दगडाच्या क्रमांकाखाली नोंद आली, आणि पहिल्या निरीक्षकांची दोन नावं. आद्याक्षरं वेगळी, आडनाव एकच. घटस्फोट झाल्यावर चष्मेवालीने आडनाव बदललं नव्हतं, कारण दुकानाची पाटी, परवाना, गिऱ्हाइकं, सगळं त्याच नावावर होतं. आणि भूलवालीने लग्नानंतर तेच घेतलं होतं. आता जगभरच्या माणसांना ते शेजारी शेजारी छापलेलं दिसत होतं. परदेशातल्या एका प्राध्यापकांनी दोघी बहिणींचं अभिनंदन कळवलं. गावातल्या वर्तमानपत्राचा बातमीदार दुकानात आला आणि त्याने हसतमुखाने विचारलं, "सासू-सुना का तुम्ही?" चष्मेवालीने त्याला दुकानाबाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी फोन वाजला. भूलवाली होती.

"तुम्ही आडनाव बदला," ती म्हणाली.

"मी का? मी तुमच्या आधीची आहे."

"माझ्या नवऱ्याचं आहे ते."

"नवरा नेलात ना? तो पुरे. आडनाव माझ्या पाटीवर आहे, ते राहील."

"लोक मला विचारतात, थोरली बहीण आहे का तुमची."

"थोरली?" चष्मेवाली खेकसली. "मग काय सांगितलंत?"

"सांगितलं, नातं काही नाही, वैर आहे."

"ते बरं केलंत," चष्मेवाली म्हणाली.

मग भूलवाली म्हणाली, "तो दगड हिवाळ्यात पुन्हा एका ताऱ्यासमोरून जातोय. चंद्राची सावली कुठून जाईल ते काढलंय मी. नदीच्या पुलावरून."

"पुलावरून? छे! तुम्ही चंद्र उलट्या बाजूला धरलात. गावाच्या वरून जाणार ती."

"तुम्ही काढलंत?"

"कधीच."

"मला न सांगता?"

"तुम्ही मला सांगून काढलंत?"

समोरच्या खुर्चीवर एक गिऱ्हाईक, नाकावर तपासणीची जड चौकट चढवून, भिंतीवरच्या अक्षरांकडे बघत ताटकळत होतं. चष्मेवालीने त्याला हातानेच थांबायची खूण केली, फोन खांद्याने कानाशी दाबून धरला आणि गल्ल्यातून पेन्सिल काढली.

"कागद घ्या," ती म्हणाली. "आणि मधे मधे बोलू नका."